एक तास पुढे

नदीच्या दोन्ही काठांवर गावाचं नाव एकच, पेल्लो.
पाकिटावर देश लिहावा लागतो,
नाहीतर पोस्टमन पुलावर विचार करत उभा राहतो,
असं एस्किल सांगायचा.
एस्किलचं काही खरं नसायचं.

मी फिनलंडची. लग्न मार्चमधलं.
बर्फ पक्का होता, म्हणून नदीवरूनच चालत आले,
हातात पेटी, पायात भावाचे बूट.
माहेर दिसत राहील अशी दिली मला.
चौतीस वर्षं आईच्या घराचं धुराडं बघत
स्वीडनमध्ये भांडी घासली.

स्वयंपाकघरात घड्याळं दोन.
डावं इथलं. उजवं तिकडचं, एक तास पुढे.
उजवं एस्किलने आणलं, मी न मागता.
"तुझी आई जेवायला बसली की
तुला कळायला हवं ना," म्हणाला,
आणि खिळा वाकडा ठोकला.

तो गेला तीन मार्चला, रात्री अकरा वीसला.
नर्सने तसं लिहिलं.
ताउनोला फोन केला तर त्याच्याकडे चार तारीख लागलेली.
म्हणून दर महिन्याला दोन दिवस मेणबत्ती लावते.
मेण दुप्पट जातं.
बाकीच्याचं माहीत नाही.

ऑक्टोबरात पेन्शनच्या ऑफिसातून फॉर्म आला.
कायमचा पत्ता. रकाना एकच.
इतक्या वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं,
लग्न ठरवतानासुद्धा.

सोल्वेग लुलेओहून तासभर बोलते:
आई, इथला डॉक्टर तुझा गुडघा ओळखतो,
तिकडे पुन्हा पहिल्यापासून सांगत बसशील.
ताउनो फोनवर बोलतच नाही.
"शनिवारी सौना तापवतो," म्हणाला,
आणि बऱ्याच वेळाने,
"एकट्यासाठी लाकूड फार जातं."

कागद घेतला, मधोमध रेघ ओढली.
डावीकडे लिहिलं: कबर, बटाट्याचे वाफे, गुडघा.
उजवीकडे: ताउनो.
मग बसून राहिले. बेरीज जमेना.
बेरीज मी अजून आईच्या भाषेत करते,
शिव्या स्वीडिशमध्ये देते,
त्या एस्किलने शिकवल्या, पहिल्याच हिवाळ्यात,
गाडी सुरू होत नव्हती तेव्हा.

परवा उशी खिडकीकडे सरकवली, वारा यायचा म्हणून.
रात्रीत कधीतरी फोनने पलीकडचा टॉवर धरला
आणि सहाचा गजर पाचलाच झाला.
शिवी दिली. उठले. कॉफी ठेवली.
नदी अजून गोठायची होती, काळीभोर,
आणि पैलतीरी ताउनोचा दिवा लागलेला.
थोड्या वेळाने त्याच्या धुराड्यातून धूर निघाला.
मग माझ्या.
परत झोपायला हवं होतं.
दुसऱ्या रात्री वारा नव्हता,
तरी उशी तिथेच ठेवली.

आपण उभं राहावं तो ऐलतीर,
मग समोरचा आपोआप पैल होतो.
एस्किल आता पैलतीरी राहील.
त्याची हरकत नसावी,
तसाही तो मार्चपासून तिथेच आहे.

आज फॉर्म भरला.
गाव: पेल्लो. हे कुठूनही खरं.
देशाच्या ओळीवर पेन थांबलं,
पुलावरच्या त्या पोस्टमनसारखं,
तोवर दूध उतू गेलं. ते पुसलं. मग लिहिलं.

भिंतीवरून घड्याळ उतरवलं, डावं.
तिकडे आता हे लागेल,
एक तास मागे, एस्किलची वेळ.
आयुष्यात कधी वेळेवर आला नाही तो,
आताही मला आधी जाऊन
चूल पेटवून ठेवावी लागणार.

खिळे दोन्ही भिंतीतच सोडले.
वाकडा काढताना पोपडा निघाला असता.